लांबच्या फ्लाइटमध्ये लॅपटॉप कसा वापरायचा आणि चार्ज कसा ठेवायचा

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, विमानातल्या सॉकेटच्या भरवशावर लॅपटॉप घेऊन चढायचं नाही. सॉकेट असतं, लांब पल्ल्याच्या बहुतेक विमानांत असतंच, पण ते चालू असेलच असं नाही, तुमचा प्लग त्यात बसेलच असं नाही, आणि बसला तरी तुमच्या लॅपटॉपला पुरेल एवढी वीज मिळेलच असंही नाही. या तिन्हींचा बंदोबस्त घरी बसून होतो, वर गेल्यावर होत नाही. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कुठल्याही मराठी घरात विचारा, कोणीतरी अमेरिका, कॅनडा नाहीतर जर्मनीत असतंच, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टला एम. एस. युनिव्हर्सिटीतून पास झालेली मुलं नवा कोरा लॅपटॉप घेऊन निघतात, त्यांचे आई-बाबा मागाहून भेटायला जातात, तर त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, तास घरापासून मोजायचे, टेकऑफपासून नाही. बडोद्यातून बाहेर देशी जायचं म्हणजे बहुतेकांना आधी अहमदाबाद नाहीतर मुंबई गाठावं लागतं. अहमदाबादचा एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, पण घरातून निघून एअरपोर्टच्या गेटपर्यंत दोन-अडीच तास जातातच, वर तीन तास आधी पोचायचं, मग दुबई किंवा दोहापर्यंत तीन-साडेतीन तास, तिथे पुढच्या फ्लाइटची वाट बघत तीन-चार तास, आणि मग न्यूयॉर्कसाठी चौदाएक तास. म्हणजे सव्वीस-सत्तावीस तासांचा मामला झाला आणि त्यातला विमानातल्या सॉकेटचा भाग फार तर दोन तृतीयांश. मधल्या एअरपोर्टवर बसायचे जे तास आहेत ना तेच चार्जिंगसाठी सगळ्यात भरवशाचे, हे डोक्यात ठेवा, पुढे परत त्यावर येते.

आता बॅटरीचं. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा मागच्या स्टिकरवर बॅटरी किती वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज मावते, ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. साधा कॉलेज-ऑफिसचा लॅपटॉप ४० ते ६०, गेमिंगवाला ८०-९०, काही तर बरोबर ९९.९. तो आकडा तिथेच का अडतो, तर विमानात वेगळी परवानगी न घेता १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, त्यामुळे कंपन्या त्याच्या वर जातच नाहीत. ब्राइटनेस कमी ठेवून नुसतं टायपिंग, पीडीएफ वाचणं, एक्सेल वगैरे केलं तर साधारण ७-८ वॉट जातात, म्हणजे ५० वॉट-अवरच्या बॅटरीत सहा-सात तास. तेच ढीगभर टॅब, वर व्हिडिओ, स्क्रीन फुल्ल उजळ असं केलं की १५ वॉट सहज, मग तीन-साडेतीन तासांत खेळ खल्लास. आणि हे झालं नव्या बॅटरीचं. तीन-चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी आतून आक्रसलेली असते, स्क्रीनवर १०० टक्के दिसतं पण ते उरलेल्या क्षमतेचे १०० टक्के असतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, powercfg /batteryreport या कमांडने, त्यात मुळात क्षमता किती होती आणि आता किती उरलीय हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात. मॅकमध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ म्हणून दिसतं. निघायच्या आठवडाभर आधी एकदा बघून घ्या, ५० चे ३० उरले असतील तर त्या हिशेबाने काम ठरवा.

ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे ८० टक्क्यांची मर्यादा. हल्ली बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, लेनोव्होमध्ये कन्झर्व्हेशन मोड, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, मॅकमध्ये ऑप्टिमाइज्ड चार्जिंग, डेल-एचपीमध्ये पण वेगळ्या नावाने असतेच. रोज घरी टेबलावर लावून काम करणाऱ्याला ते उत्तमच, चालूच ठेवावं, पण प्रवासाच्या आदल्या रात्री ते बंद करून बॅटरी पूर्ण १०० पर्यंत न्यायची. नाहीतर रात्रभर लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी ८० वर असतो आणि घाईत कोणी बघत नाही. पोचल्यावर परत चालू करून टाका.

तसंच बॅगेत ठेवताना नुसतं झाकण मिटू नका. आजकालचे विंडोज लॅपटॉप स्लीपमध्ये गेले तरी पूर्ण झोपत नाहीत, मधूनमधून उठून नेटवर्क शोधतात, अपडेट बघतात, आणि बंद बॅगेत, कपड्यांच्या आणि डब्यांच्या मध्ये, तापत राहतात. अहमदाबादपर्यंत पोचून बॅग उघडावी तर लॅपटॉप कढत आणि बॅटरी ६० वर, असं होऊ शकतं. तर शटडाऊन करा, किंवा उघड्या फाइली तशाच ठेवायच्या असतील तर हायबरनेट करा. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावं ते निवडता येतं, तिथे स्लीपच्या जागी हायबरनेट ठेवून द्या, प्रवासापुरतं तरी. आणि विंडोजचं अपडेट पेंडिंग असेल तर ते दोन दिवस आधीच उरकून घ्या, शटडाऊन करताना 'अपडेट अँड शटडाऊन' तेवढंच दिसत असेल आणि गाडी दाराशी उभी असेल तर फार पंचाईत होते.

प्लगचं काय करायचं

इथे जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. विमानातल्या सीटला जे मोठं सॉकेट असतं ते साधारण ११० व्होल्टचं असतं. त्याची काळजी नको, तुमच्या अडॅप्टरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो ११० वरही चालतो आणि घरच्या २३० वरही, ट्रान्सफॉर्मर-बिन्सफॉर्मर काही लागत नाही. अडचण असते पिनांची. आपला तो जाड गोल तीन पिनांचा प्लग या सॉकेटमध्ये कधी बसतो, कधी बसतच नाही, बसला तरी ढिला बसतो. बारीक दोन पिनांचा बसतो पण जरा हात लागला की हलतो. आणि अनेक विमानांतल्या सॉकेटची गंमत अशी की दोन्ही पिना पूर्ण आत गेल्याचं त्याला कळलं तरच ते वीज सोडतं, अर्धवट बसलेल्या प्लगला काहीच मिळत नाही. म्हणून लोक म्हणतात सॉकेट बंद आहे, आणि ते चालू असतं.

सगळ्यात चांगले बसतात ते अमेरिकन चपट्या पिना, आणि बऱ्याच नव्या विमानांत ब्रिटिश तीन चौकोनी पिनावालाही बसतो. आता बघा, लॅपटॉपच्या ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची वायर बहुतेक वेळा सुटी असते, ठोकळ्यात घुसणारं तोंड बहुतेकदा तीन पाकळ्यांचं असतं, ते सगळ्या देशांत तेच. म्हणजे नवा चार्जर घ्यायची गरज नाही, नुसती ती वायर अमेरिकन पिनांची घेतली की झालं. अमेरिकेला निघालेल्यांना तर ती तिथे रोज लागणारच आहे. ब्रिटिश पिनांची घेतली तर दुबई, दोहा, अबुधाबी आणि लंडन या सगळ्या एअरपोर्टवर भिंतीत थेट बसते, तिकडे तोच प्लग चालतो. रावपुऱ्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण निघायच्या आठवडाभर आधी आणा आणि आपल्या ठोकळ्यात घालून बघा. कन्व्हर्टर पिन वापरायची असेल तर लहान आणि हलकी घ्या. तो मोठा चौकोनी 'ऑल इन वन' अडॅप्टर असतो ना, हॉटेलच्या भिंतीत तो ठीक आहे, पण विमानात सॉकेट सीटच्या खाली किंवा दोन सीटच्या मधल्या फटीत, उभं किंवा तिरकं असतं, आणि तो ठोकळा आपल्याच वजनाने खाली येतो. तीच गोष्ट सॉकेटमध्येच थेट बसणाऱ्या जड चार्जरची. त्यासाठी वीतभर लांबीची एक्सटेन्शन वायर मिळते ती बरी पडते, वजन खाली जमिनीवर टेकतं आणि सॉकेटमध्ये नुसता हलका प्लग राहतो. स्पाइक बस्टर, तीन-चार खाचांचा बोर्ड वगैरे मात्र विमानात काढायचाच नाही.

सीटवर बसलात की टेकऑफच्या आधीच सॉकेट कुठे आहे ते बघून ठेवा, अंधार झाल्यावर गुडघ्यात डोकं घालून चाचपडायला लागतं. इकॉनॉमीत तीन सीटमध्ये बहुतेक दोनच सॉकेट असतात, बहुतेक तुमच्या आणि शेजारच्याच्या मध्ये, पायांच्या मागे. तिथे एक बारीक दिवा असतो, हिरवा लागला म्हणजे वीज आहे. दिवा नसेल तर प्लग काढून, सरळ धरून, पूर्ण दाबून परत लावा. तरी नाही तर दोन मिनिटं काढून ठेवा आणि मग लावा, कारण जास्त ओढ झाली की सॉकेट स्वतःच बंद पडतं आणि प्लग काढल्याशिवाय परत सुरू होत नाही. तरीही नाही झालं तर क्रूला शांतपणे सांगा, तुमच्या ओळीची वीज त्यांना पुढून बंद-चालू करता येते बऱ्याच विमानांत. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी मात्र सॉकेट बहुतेक बंदच ठेवतात, त्या वेळी उगाच खटपट करू नका. आणि शेजारच्याला आधीच विचारून घ्या, तुम्हाला लागणार आहे का म्हणून. आपल्याकडे आपण गाडीत बसल्या बसल्या शेजारच्या काकांशी बोलायला लागतो तसंच, एवढं बोललं की पुढचे चौदा तास सोपे जातात, पाळीपाळीने वापरता येतं.

किती वॉटचा चार्जर

विमानातलं सॉकेट घरच्यासारखं नसतं, एका सीटला साधारण ७५ ते १०० वॉट, काही नव्या विमानांत त्याहून थोडं जास्त. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॉटचा, तो आरामात चालतो. गेमिंग लॅपटॉपचा १८० किंवा २४० वॉटचा ठोकळा लावलात तर सॉकेट लगेच हात वर करतं, दिवा जातो. यावर उपाय दोन. एक म्हणजे लॅपटॉप शटडाऊन करून लावायचा, तेव्हा ओढ कमी असते, आणि बॅटरी ८० च्या वर गेली की आणखी कमी, पण याची खात्री नाही. दुसरा, आणि माझ्या मते खरा उपाय, म्हणजे ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर बरोबर ठेवणं. आता बहुतेक नवे लॅपटॉप, काही गेमिंगवालेसुद्धा, यूएसबी-सीने चार्ज होतात, हळू होतात पण होतात. गॅन म्हणून जे नवे चार्जर आलेत ते मुठीत मावतात, त्यातूनच फोनही चार्ज होतो, आणि जड ठोकळा मोठ्या बॅगेत टाकता येतो. फक्त आपल्या लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेतं का ते आधी बघा, सगळीच घेत नाहीत, काही नुसती डेटासाठी असतात. आणि केबलही तशीच हवी, फोनबरोबर आलेली बारीक केबल लावून लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणून चार्जरला दोष देण्यात अर्थ नाही. हे सगळं घरी एक संध्याकाळ बसून करून बघा, लॅपटॉप २० टक्क्यांवर आणा, नवा चार्जर लावा, वापरत वापरत टक्के वर चढतायत का बघा. चढत असतील तर विमानातही चढतील.

समोरच्या स्क्रीनखाली जी चौकोनी यूएसबीची खाच असते तिच्यावर लॅपटॉप होत नाही, तिथून दहाएक वॉट मिळतात, ती फोनसाठी. नव्या विमानांत यूएसबी-सीची खाच येतेय आणि काहींत ती ६० वॉटपर्यंत देते, त्यावर लॅपटॉप मस्त होतो, पण तुमच्या विमानात ती आहे की नाही हे चढल्यावरच कळतं, ऐन वेळी विमान बदलतात.

पॉवर बँक आता धरूच नका

आतापर्यंत सगळ्यांचा सल्ला असायचा की मोठी पॉवर बँक घ्या. तो सल्ला आता चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या एअरपोर्टवर एअर बुसानच्या उभ्या विमानाला आग लागली, सगळे सुखरूप बाहेर पडले पण विमानाचं छप्पर जळून गेलं, आणि संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर एकापाठोपाठ एक नियम आवळले गेले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने काहीही चार्ज करायला मनाई केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॉट-अवरच्या आतली, ती पण वापरायची नाही, वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, सीटच्या खिशात किंवा पुढच्या सीटखाली ठेवायची असं केलं. भारतात डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, कलही आता तोच आहे. म्हणजे पॉवर बँक न्या, एअरपोर्टवर बसल्यावर उपयोगी पडते, पण हवेतल्या तासांच्या हिशेबात तिला धरू नका.

न्यायची असेल तर तिच्यावर आकडा छापलेला हवा, पुसलेला चालत नाही, सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. वॉट-अवर लिहिले नसतील तर एमएएचला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं. २०,००० एमएएचची म्हणजे ७४, चालते. ३०,००० ची म्हणजे १११, तिला एअरलाइनची परवानगी लागते. १६० च्या वर तर सरळ बंदी. आणि चेक-इन बॅगेत पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी कधीच टाकायची नाही, ती स्कॅनरमध्ये दिसते, बॅग बाजूला काढतात आणि तुमच्या नावाचा पुकारा होतो.

यातच एक आणखी, आणि हे फार महत्त्वाचं आहे. विमान भरलेलं असलं की गेटवर केबिन बॅग खाली टाकायला घेतात. त्या क्षणी लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढून हातात घ्या, कोणी आठवण करो न करो. म्हणून पॅकिंगच अशी करा की लॅपटॉप, चार्जर, वायर, औषधं, पासपोर्ट हे सगळं एका पातळ बॅगेत, आणि ती बॅग केबिन बॅगेत सगळ्यात वर. खाली लीला चिवडा आणि भाकरवडीची पाकिटं दाबून भरलेली असली तरी हरकत नाही, ही पातळ बॅग एका हाताने निघाली पाहिजे.

सिक्युरिटीला आपल्याकडे लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला लावतात, आणि पलीकडे पाच करडे एकसारखे लॅपटॉप एकामागून एक बाहेर येतात. झाकणावर एखादं ठसठशीत स्टिकर किंवा रंगीत टेप लावा, दुसऱ्याचा उचलला जाणार नाही आणि तुमचा कोणी नेणार नाही. अमेरिकेला जाताना लॅपटॉप चालू करून दाखवा असं म्हणू शकतात, पूर्ण मेलेला असेल तर अडवूही शकतात, तर मधल्या एअरपोर्टवर उतरताना थोडी तरी बॅटरी शिल्लक ठेवा. नियम झपाट्याने बदलतात हेही लक्षात असू द्या, मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, दोहा, अबुधाबी धरून दहा एअरपोर्टवरून येणाऱ्या फ्लाइटमध्ये लॅपटॉप केबिनमध्ये न्यायलाच बंदी केली होती, ती जुलैमध्ये उठली. तेव्हा निघायच्या दोन-तीन दिवस आधी आपल्या एअरलाइनच्या साइटवर बॅटरीचे नियम वाचा, दोन एअरलाइन असतील तर दोघांचेही वाचा आणि जो कडक असेल तो पाळा.

मधल्या एअरपोर्टवर काय करायचं ते आता सांगते. उतरल्या उतरल्या पुढच्या गेटकडे जा आणि भिंतीतलं सॉकेट धरून बसा, खाणं-फिरणं नंतर. तिथे २३० व्होल्ट असतात, वॉटची मर्यादा आड येत नाही, गेमिंगचा मोठा ठोकळाही तिथे चालतो, म्हणून तो मोठ्या बॅगेत टाकायचा की बरोबर ठेवायचा ते तुमचा थांबा किती तासांचा यावर ठरवा. दीड-दोन तासांत लॅपटॉप भरून निघतो. लॅपटॉप लावून वॉशरूमला जायचं नाही, सोबत कोणी नसेल तर उचलून न्यायचा.

सीटवर बसून वापरताना

विमान जमिनीवर सरकत असताना, टेकऑफ आणि लँडिंगला लॅपटॉप आत ठेवायला लावतात, बेल्टचा दिवा गेला आणि क्रूने सांगितलं की मग काढा. सगळ्यात पुढची ओळ किंवा इमर्जन्सी एक्झिटची सीट पाय पसरायला छान असते, पण तिथे समोर बॅग ठेवता येत नाही आणि ट्रे हाताच्या दांडीतून निघतो, तो लहान आणि डगमगता असतो, मोठा लॅपटॉप त्यावर राहत नाही. काम करायचंच असेल तर ती सीट घेऊ नका.

आता ट्रेवर लॅपटॉप ठेवताना एक गोष्ट नीट बघा. समोरच्या सीटच्या पाठीला, ट्रे जिथे मिटून बसतो तिथे वरच्या बाजूला एक खोबण असते, ट्रे अडकवायची कडी पण तिथेच. लॅपटॉपचं झाकण उभं केलं की त्याची वरची कड बरोबर त्या खोबणीखाली जाते. तेवढ्यात पुढच्या माणसाने सीट मागे टाकली की खोबणीची कड खाली येते, झाकण वरून दाबलं जातं, खाली ट्रे असल्यामुळे त्याला सरकायला जागा नसते, आणि स्क्रीन तडकते. एका सेकंदात होतं, आणि पुढच्याला बिचाऱ्याला कळतही नाही. त्यासाठी लॅपटॉप पोटाकडे ओढून घ्या, झाकणाची कड खोबणीपासून चार बोटं लांब राहील असा, झाकण थोडं मागे झुकवा, आणि जेवणाचे ट्रे उचलले जाऊन दिवे मंद व्हायला लागले की विशेष सांभाळा, कारण सगळे त्याच वेळी सीट मागे टाकतात. १३-१४ इंची लॅपटॉप निभतो, १५-१६ इंचीला इकॉनॉमीत खरंच जागा नाही, तो मांडीवर घेतलेला बरा. मांडीवर घ्या पण ब्लँकेटवर नको, खालच्या जाळ्या बंद होतात आणि तापतो. एखादं कडक पुठ्ठ्याचं फोल्डर खाली घेतलं की काम होतं.

चहा-कॉफी-पाणी आलं की झाकण मिटायचं, बास. खिडकीकडच्या माणसाचा कप तुमच्या लॅपटॉपवरूनच जातो.

बॅटरी पुरवायची तर सगळ्यात जास्त फरक ब्राइटनेसने पडतो, केबिन अंधारी असते, ३० टक्के भरपूर होतात आणि शेजारच्याच्या डोळ्यावरही येत नाही. एअरप्लेन मोड ठेवा, कीबोर्डचा दिवा बंद, स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर ६० वर आणा, एनर्जी सेव्हर चालू करा, आणि ब्राउझरमधले नको ते टॅब बंद. पिक्चर बघायचा असेल तर समोरच्या स्क्रीनवर बघा, लॅपटॉपची बॅटरी कामासाठी ठेवा. त्या स्क्रीनला बहुतेक ठिकाणी वायरवाले हेडफोन लागतात, साध्या गोल पिनेचे, ते बॅगेत टाका.

वायफायवर विसंबू नका. आता बऱ्याच विमानांत आहे, कतार एअरवेजसारख्यांनी तर स्टारलिंक लावायला घेतलंय आणि ते वेगवान असतं, पण बाकी ठिकाणी ईमेल आणि व्हॉट्सॲपपुरतंच चालतं आणि मध्येच जातं. घरून निघताना लागणाऱ्या फाइली लॅपटॉपमध्ये खरोखर उतरवून घ्या. वनड्राइव्हमध्ये फाइलवर ढगाचं चित्र दिसतं म्हणजे ती तुमच्याकडे नाहीच, तिच्यावर राइट क्लिक करून कायम या डिव्हाइसवर ठेवा असं करा. गूगल डॉक्सला ऑफलाइन चालू करा. नंतर एअरप्लेन मोड लावून एकेक फाइल उघडून बघा, तीच खरी परीक्षा. विंडोजच्या नेटफ्लिक्स ॲपमधलं डाऊनलोड २०२४ मध्ये बंद झालं, तर सीरियल-बिरियल फोनवर किंवा टॅबवर उतरवा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉगिनसाठी ओटीपी लागत असेल तर वर हवेत आपल्या सिमवर एसएमएस येत नाही, ऑथेंटिकेटर ॲप आधीच लावून ठेवा, वायफाय विकत घेताना कार्डाच्या ओटीपीलाही हीच अडचण येते, म्हणून शक्य असेल तर ते आधीच बुक करा.

झोपताना चार्जिंग काढायचं

डोळे मिटायच्या आधी प्लग काढा, लॅपटॉप शटडाऊन करा आणि पुढच्या सीटखालच्या बॅगेत ठेवा. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप ब्लँकेटखाली घेऊन झोपणं हे अजिबात करू नका, लिथियमची बॅटरी तापली की ती कुठवर तापेल सांगता येत नाही, आणि विमानात बाहेर पळायला जागा नसते. लॅपटॉप नेहमीपेक्षा वेगळाच गरम लागला, वास आला, खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर लाजू नका, लगेच क्रूला बोलवा, त्यांना याचं ट्रेनिंग असतं. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका, यंत्रात चिरडला तर पेट घेतो, क्रूलाच सांगा.

फुगलेली बॅटरी घेऊन तर निघूच नका. सपाट टेबलावर लॅपटॉप ठेवा, डगमगत असेल किंवा टचपॅड वर आलेला वाटत असेल तर आधी बॅटरी बदला. जुना १५ इंची मॅकबुक प्रो असेल, सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ मध्ये विकलेला, तर त्यातल्या काही मशीन ॲपलने जून २०१९ मध्ये बॅटरीसाठी परत मागवल्या होत्या आणि डीजीसीएनेही त्या विमानात नेऊ नका असं सांगितलं होतं, सीरियल नंबर टाकून एकदा तपासून घ्या. असे जुने लॅपटॉप घरात धाकट्या भावंडाकडे किंवा आई-बाबांकडे गेलेले असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आई-बाबा एकटे निघाले असतील आणि मुलासाठी लॅपटॉप नेत असतील तर त्यांना एवढंच सांगा की तो पूर्ण बंद करून हातातल्या बॅगेत ठेवायचा, ट्रेमध्ये काढून द्यायचा, ट्रेमधून परत घ्यायचा, विमानात उघडायचाच नाही. त्यांच्यासाठी फोन चार्ज असणं जास्त गरजेचं आहे, व्हिसाचे कागद, मुलाचा पत्ता, नंबर सगळं त्यातच असतं, आणि फोन सीटच्या यूएसबीवर होतो, त्यासाठी एक केबल त्यांच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाका आणि ते सगळं एका कागदावरही लिहून द्या.

विमान खाली यायला लागायच्या आधी, साधारण शेवटच्या जेवणानंतर, लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकदा लावून घ्या, कारण लँडिंगच्या बराच आधी सॉकेट बंद करतात आणि इमिग्रेशनची रांग किती लांब असेल याचा नेम नसतो. मग प्लग काढला की वायर आणि चार्जर तिथल्या तिथे बॅगेत टाका, सीटखाली अंधारात लटकत राहिलेला चार्जर विमानातून उतरल्यावर परत मिळणं फार अवघड असतं.